जलपर्णी, यंत्र आणि बावीस टक्के

पुण्यातील पाषाण तलावाच्या बांधावर उन्हाळ्याच्या तोंडाला उभे राहिले, की पुष्कळदा पाण्यापेक्षा पानेच जास्त दिसतात. जलपर्णीचा फुगीर देठ कापून पाहिला, तर आत स्पंजासारखी हवेची पोकळी असते; रोपाच्या कडेने आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवे रोप येते आणि तेही लगेच धुमारे सोडू लागते. ‘मागच्याच महिन्यात काढली होती, पुन्हा कशी आली?’ हा बांधावर फिरायला येणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुतेक जण कामचुकारपणात शोधतात. त्याचा मोठा भाग मात्र गणितात सापडतो.

बेल्जियन गणिती फेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडलेले समीकरण येथे कामाला येते. सुरुवातीला थोडी रोपे असतात म्हणून एकूण वाढ कमी असते, तलाव भरत आला की जागा उरत नाही म्हणून ती पुन्हा मंदावते आणि अर्धा तलाव व्यापलेला असताना ती सर्वांत वेगवान असते. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस मिळत असताना जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. हिशेबासाठी आपण १२ दिवस धरू. आता एक यंत्र रोज तलावाच्या एक टक्का क्षेत्रावरील जलपर्णी काढते, असे मानू.

समीकरण सोडवले की दोन आकडे मिळतात: सुमारे २२ आणि ७८. जलपर्णी २२ टक्क्यांपेक्षा कमी जागेत असेल, तर रोजची वाढ काढणीपेक्षा कमी पडते आणि तलाव मोकळा होतो. ती २५ टक्के असेल, तर रोजची वाढ तलावाच्या १.०८ टक्के भरते. यंत्र एकही दिवस बंद न राहता जलपर्णी पसरत जाते आणि ७८ टक्क्यांवर स्थिरावते. तेच यंत्र, तेच डिझेल, तेच मजूर. फरक फक्त सुरुवातीच्या तीन टक्क्यांचा. बांधावरून पाहणाऱ्याला २२ आणि २५ टक्क्यांतला भेद कळणे जवळजवळ अशक्य आहे, आणि म्हणूनच मला हे गणिती प्रतिमान (मॉडेल) डोळ्यांच्या अंदाजापेक्षा मोलाचे वाटते.

माणसाची काढणी समीकरणात धरण्याची कल्पना जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांमध्ये शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याचे कारण इटालियन गणिती व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये समीकरणांतूनच दाखवले.

पुण्याच्या थंडीत जलपर्णीची वाढ मंदावते. दुपटीला १२ ऐवजी २० दिवस लागतात असे धरले, तर तिची कमाल वाढच रोज ०.८७ टक्के होते, म्हणजे यंत्राच्या क्षमतेच्या खाली. अशा वेळी ३० टक्के व्याप असलेला तलावही सुमारे दोन महिन्यांत मोकळा होतो. मार्चमध्ये त्याच ३० टक्क्यांपुढे ते यंत्र हरते.

अर्थात हे कागदावरचे तळे झाले. खऱ्या तळ्यात पावसाळ्यातील लोंढा जलपर्णीचे ताटवेच्या ताटवे राम नदीतून खाली मुळा नदीत नेतो, आणि गाळात पडलेले बी अनेक वर्षे रुजण्याची क्षमता टिकवून असते, त्यामुळे समीकरणातले शून्य खरे शून्य नसते. म्हणून संगणकावर वाढीचा दर, पाऊस आणि यंत्राचे बंद दिवस थोडेथोडे बदलून हाच हिशेब हजारो वेळा चालवतात आणि त्यांपैकी किती वेळा तलाव मोकळा राहिला, ते मोजतात. सुरुवातीचा व्याप उपग्रहचित्रांवरून काढता येतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांत १० मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. पावसाळ्यात ढग आड येतात. ऑक्टोबरमध्ये आकाश निवळते, तेव्हा २२ टक्क्यांची रेषा ओलांडली आहे की नाही, हे पाहायला थंडीच्या आधी जेमतेम काही आठवडे हाती असतात.