दहाव्या आणि अकराव्या दिव्यामधला सांधा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मार्च उजाडला की सकाळचा पहिला प्रश्न एकच: आज टँकर मागवायचा का? उत्तर वॉचमनच्या केबिनमधल्या वीस लाल दिव्यांच्या पट्टीवर असतं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट एक व्हेरिएबल रेझिस्टर फिरवतो, त्यातून शून्य ते अडीच व्होल्ट खाली येतात आणि त्या हिशेबात दिवे लागतात. पट्टी मीच जोडलेली, त्यामुळे शिव्याही मलाच. दहा दिवे पाहून ‘निम्मी टाकी आहे, टँकर नको’ असं कळवलं, आणि रात्री नळ कोरडे. दुसऱ्या दिवशी दहावा दिवा लागलेला असताना टाकीत बांबू बुडवून मोजलं, तर पाणी ४२ टक्के.

कमिटीतल्या एकांचं निदान तयार होतं: टाकी नैऋत्येला नाही. रेझिस्टरला दिशा कळत नाही हो. असले सल्ले देणाऱ्यांना दक्षिणा कळते.

खरा घोटाळा दोन चिपांच्या सांध्यावर होता. एलएम ३९१४ ही चिप दहा दिवे सांभाळते. आत दहा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारे तुकडे असतात, आणि एका साखळीत जोडलेले दहा सारखे रेझिस्टर. साखळीच्या दोन टोकांना व्होल्टेज दिलं की त्याच्या दहा सारख्या पायऱ्या पडतात. आलेला सिग्नल जितक्या पायऱ्या ओलांडेल तितके दिवे. वीस दिवे हवेत म्हणून मी दोन चिपांच्या साखळ्या एकापुढे एक जोडल्या, खाली शून्य, वर अडीच व्होल्ट. चिपा सारख्या, म्हणजे मध्यावर आपोआप सव्वा व्होल्ट येणार, असं गृहीत धरलं.

एका हाताने लाटलेल्या दहा पोळ्या एकमेकींएवढ्या जाड असतात. शेजारच्या घरच्या दहाही एकमेकींएवढ्या. पण या दहांवर त्या दहा रचल्या, तर दहावी पोळी चळतीच्या बरोबर निम्म्यावर येईलच असं नाही. चिपेचंही तेच. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर एकाच वेळी घडलेले रेझिस्टर आपसात नेमके जुळतात, पण पूर्ण साखळीची किंमत ८ ते १७ किलोओहममध्ये कितीही असू शकते, हे चिपेच्या माहितीपत्रकात, डेटाशीटमध्येच छापलेलं आहे. मी मीटर लावला: खालची १०, वरची १४. म्हणजे सांध्यावर २.५ गुणिले १० भागिले २४, जेमतेम १.०४ व्होल्ट. दहावा दिवा ४२ टक्क्यांवर लागणारच!

तेव्हा सांधा मोकळा सोडायचा नाही, त्याला खुंटी मारायची. प्रत्येक चिपेत सुमारे सव्वा व्होल्टचा स्वतःचा संदर्भ, म्हणजे ठरलेलं स्थिर व्होल्टेज असतं. खालच्या चिपेचा संदर्भ जमिनीपासून, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टपासून, सव्वा व्होल्ट वर सांध्याला लावायचा, आणि वरच्या चिपेचा संदर्भ त्या सांध्यावर उभा करायचा. सव्वा अधिक सव्वा, अडीच.

इतकं केलं आणि खालचे दहा दिवे जवळजवळ विझले. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा दमाने. या चिपेत संदर्भाच्या पिनेतून जेवढा करंट बाहेर पडतो, त्याच्या साधारण दहापट प्रत्येक दिव्याला मिळतो. शिवाय ही पिन करंट फक्त देते, घेत नाही. हा करंट ठरवायला मी दोन्ही चिपांच्या संदर्भाच्या पिनेला १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला होता. वरच्या चिपेतून त्या रेझिस्टरमधून आणि साखळीतून १.१३ मिलिअँपिअर सांध्यावर उतरत होते, अ‍ॅडजस्ट पिनेचे (संदर्भ जिच्यावर उभा असतो ती पिन) ०.०७ वेगळे, झाले १.२. खालचा रेझिस्टर आणि साखळी मिळून जमिनीकडे नेत होते १.१७. सांध्याची सगळी गरज वरूनच भागत होती, खालच्या संदर्भाला काही द्यायला उरलंच नव्हतं. तो देत नाही म्हणून त्याचे दिवेही अंधारात. आणि उरलेला चिमूटभर करंट गिळता येत नाही म्हणून सांध्याचं व्होल्टेज किंचित वर सरकलेलं.

उपाय फुटकळ निघाला. खाली १.२ किलोऐवजी ६२० ओहमचा रेझिस्टर. आता जमिनीकडे सुमारे २.१४ मिलिअँपिअर जातात, वरून १.२ येतात, उरलेले ०.९४ खालच्या संदर्भाला द्यावेच लागतात. म्हणजे खालच्या दिव्यांना ९.४, वरच्यांना ११.३ मिलिअँपिअर. एवढा फरक डोळ्याला कळत नाही, वॉचमनलाही कळला नाही.

दोन्ही संदर्भ तंतोतंत सारखे नसतातच. खाली १.२२ आणि वर १.३० निघाले तरी सांधा ४८.४ टक्क्यांवर येतो. एक दिवा पाच टक्क्यांचा, चूक दीडेक टक्क्याची. टँकरच्या हिशेबाला चालतं.