स्पीडरनिंगमधील कंट्रोलरची निवड आणि टर्बोचे नियम

व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात पूर्ण करून दाखवण्याच्या स्पर्धात्मक प्रकाराला स्पीडरनिंग म्हणतात. यात कौशल्य खेळाडूचे मोजले जाते, पण गेमला खेळाडूचा हात दिसत नाही. कंट्रोलरकडून येणारा सिग्नल तेवढा दिसतो. म्हणून कोणता कंट्रोलर चालेल, आणि बटण नुसते दाबून धरले तरी ते पुन्हा पुन्हा दाबल्याचा सिग्नल पाठवणारी टर्बोची सोय वापरता येईल का, हे आधी ठरवावे लागते. सर्व गेमना लागू होईल अशी एकच नियमावली नाही. बहुतेक गेमचे लीडरबोर्ड, म्हणजे विक्रमांच्या क्रमवार याद्या, २०१४ साली सुरू झालेल्या स्पीडरन डॉट कॉम या संकेतस्थळावर आहेत, आणि तेथे त्या त्या गेमचे मॉडरेटर, म्हणजे रन तपासणारे व्यवस्थापक, खेळाडूंशी चर्चा करून नियम ठरवतात.

हा वाद स्पीडरनिंगपेक्षा जुना आहे. कोनामीच्या १९८३ सालच्या ‘ट्रॅक अँड फील्ड’ या आर्केड गेममध्ये धावण्याचा वेग बटणे किती झपाझप दाबली जातात यावर ठरत असे, आणि बोटांच्या जागी फूटपट्टी किंवा पेन्सिल वापरण्याच्या युक्त्या तेव्हाच निघाल्या. पुढे उत्पादकांनीच ही सोय विकायला काढली. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलसाठीच्या ‘एनईएस ॲडव्हान्टेज’ या जॉयस्टिकवर ए आणि बी या दोन्ही बटणांसाठी टर्बो होता, आणि त्याचा वेग चकती फिरवून कमीजास्त करता येई. तिच्यावर ‘स्लो’ नावाचेही एक बटण होते. ते स्टार्टचा सिग्नल सतत पाठवून गेम थांबवत आणि चालू करत राही, त्यामुळे खेळ संथ झाल्यासारखा वाटे. १९८९ साली अमेरिकेत आलेल्या ‘टर्बोग्राफ्स-१६’ या कन्सोलच्या सोबत मिळणाऱ्या कंट्रोलरवर तर टर्बोच्या कळी मुळातच होत्या. टर्बो म्हणजे फसवणूकच, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. काही यंत्रांवर तो मूळ सामानाचाच भाग आहे आणि तेथे त्याला बंदी घालणे कृत्रिम ठरते.

टर्बोचा खरा फायदा किती, हे गेम कंट्रोलर किती वेळा वाचतो यावर ठरते. एनईएस सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रे, दाखवतो आणि बहुतेक गेम प्रत्येक फ्रेमला एकदा कंट्रोलर वाचतात. नवे दाबणे मोजले जायचे असेल तर मध्ये एकदा बटण सोडलेले दिसावे लागते. म्हणजे कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ३० वेळा. सवयीचा खेळाडू सेकंदाला दहाच्या आसपास दाबू शकतो; हडसन कंपनीचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला १६ वेळा दाबण्यासाठी जपानभर प्रसिद्ध झाले. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की शूटिंग गेममध्ये टर्बो किती मोठा फरक पाडू शकतो ते कळते.

मात्र ‘ओकारिना ऑफ टाइम’ हा गेम सेकंदाला २० फ्रेमने चालतो. तेथे सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा दाबण्याला अर्थच नाही, आणि ती मर्यादा चांगला खेळाडू हातानेही गाठू शकतो. ३० फ्रेमने चालणाऱ्या ‘सुपर मारिओ ६४’ सारख्या गेममध्ये आणखी एक गंमत होते. टर्बो सेकंदाच्या दर साठाव्या भागाला दाब-सोड करत असेल आणि गेम मात्र एक सोडून एक फ्रेमला पाहत असेल, तर त्याला प्रत्येक वेळी बटण दाबलेलेच दिसते किंवा प्रत्येक वेळी सोडलेलेच. टर्बो पूर्ण वेगाने चालू असूनही नवे दाबणे जवळपास नोंदलेच जात नाही. म्हणून टर्बोच्या नियमाची चर्चा गेमच्या फ्रेमदरापासून सुरू व्हायला हवी. दुसऱ्या गेमचा नियम जसाच्या तसा उचलणारे समुदाय नेमके इथेच चुकतात.

संवादांच्या चौकटींचे उदाहरण घेऊ. समजा ६० फ्रेमच्या एका गेममध्ये अशा ५०० चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकट बटण दाबल्यावर पुढे सरकते. सेकंदाला दहा वेळा दाबणाऱ्याच्या दोन दाबांमध्ये सहा फ्रेमचे अंतर असते, म्हणजे प्रत्येक चौकटीमागे सरासरी अडीच फ्रेम वाया जातात. सेकंदाला ३० वेळा दाबणाऱ्या टर्बोला सरासरी अर्धीच फ्रेम लागते. दोन फ्रेमचा हा फरक ५०० चौकटींवर हजार फ्रेमचा होतो, म्हणजे सोळा-सतरा सेकंदांचा. चुरशीच्या विक्रमांत एवढे अंतर फार मोठे आहे. पण हे सोळा सेकंद कमावण्यात पाहण्यासारखे काही नसते, आणि ते हाताने कमावायचे तर तासन्‌तास अंगठा झिजवावा लागतो.

हाताच्या दुखापतीचा मुद्दाही गंभीर आहे. पहिल्या ‘मारिओ पार्टी’त ॲनालॉग स्टिक जोरात गोल फिरवायचे काही खेळ होते, आणि मुले ती तळहाताने फिरवत असल्याने हाताला फोड येत. २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यात निन्टेन्डोने संरक्षक हातमोजे पुरवायचे मान्य केले. स्पीडरनर तर एकच भाग शेकडो वेळा खेळतात. केवळ संवाद सरकवण्यासाठी सांधे दुखवून घ्यायला लावणारा नियम न्याय्य म्हणता येणार नाही. अपंगत्वामुळे वेगळी साधने वापरणाऱ्या खेळाडूंना सवलत द्यायची असेल, तर तीही आधी लिहून ठेवणे बरे. प्रत्येकाला मॉडरेटरकडे जाऊन आपली व्यथा सांगावी लागू नये.

कंट्रोलर निवडताना टर्बोशिवाय इतरही गोष्टी पाहाव्या लागतात. डी-पॅडची, म्हणजे कंट्रोलरवरच्या अधिक चिन्हासारख्या दिशांच्या बटणाची, रचनाच अशी असते की डावे आणि उजवे एकत्र दाबता येत नाही. कीबोर्डवर किंवा फक्त बटणे असलेल्या कंट्रोलरवर ते सहज दाबता येते. ‘झेल्डा २’मध्ये या दोन दिशा एकत्र दिल्या की त्यातला नायक लिंक भलत्याच वेगाने सुटतो, कारण गेम लिहिणाऱ्यांनी ही शक्यता धरलेलीच नव्हती. म्हणून परस्परविरोधी दिशांबाबत स्पष्ट नियम लागतो. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये, अशा दिशा एकत्र स्वीकारायच्या की नाही, याची सेटिंगही असते. निन्टेन्डो ६४ चा प्रश्न वेगळा आहे: त्याच्या ॲनालॉग स्टिकचा आतला प्लास्टिकचा भाग घासून सैल होतो, आणि जुन्या स्टिकला टोकापर्यंतचा कोन मिळत नाही. तेथे बदली स्टिक नाकारणे म्हणजे सुस्थितीतला जुना कंट्रोलर ज्याच्या हाती लागला त्यालाच झुकते माप देणे. यूएसबी कंट्रोलर बऱ्याचदा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी वाचला जातो. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असल्याने हा उशीर एकाच फ्रेमची संधी असलेल्या युक्तीत जाणवतो, इतरत्र क्वचितच.

बटणांची अदलाबदल बहुतेक ठिकाणी चालते. ‘एक दाब, एक क्रिया’ हे तिचे सर्वमान्य सूत्र आहे. एका दाबात अनेक क्रिया करणारे मॅक्रो याच सूत्राने बाद होतात. पण एकच क्रिया दोन बटणांना दिली तर दोन अंगठ्यांनी आलटून पालटून दाबता येते. माउसच्या चाकाला उडी नेमून दिली तर एका झटक्यात कितीतरी उड्या जातात, आणि अडथळ्याविना गरगर फिरणारे चाक असेल तर तो जवळजवळ टर्बोच होतो. नियमात ‘टर्बो’ हा एकच शब्द लिहून भागत नाही ते यामुळे.

राहिला पडताळणीचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. पडताळता न येणारी बंदी प्रामाणिक खेळाडूलाच मागे टाकते. तपासणारा व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे नेतो आणि, उदाहरणार्थ शूटिंग गेममध्ये, एक गोळी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजतो. माणसाच्या दाबांत चार, सहा, पाच, पाच, सात अशी चढउतार असते. टर्बोचे अंतर मिनिटभर पाहिले तरी बदलत नाही. मात्र ६० फ्रेमचा गेम ३० फ्रेमने रेकॉर्ड केलेला असेल तर ही खूण पुसली जाते. कोणते बटण दाबले ते पडद्यावर दाखवणारा इनपुट डिस्प्ले येथे कामाचा नाही, कारण तो टर्बोचा सिग्नलही खरा म्हणूनच दाखवतो. त्यापेक्षा हातावर रोखलेला कॅमेरा आणि माइकवर येणारी बटणांची टकटक जास्त सांगून जाते. म्हणून बंदी हवी असेल तर ६० फ्रेमचे रेकॉर्डिंग, आणि वरच्या क्रमांकांसाठी हाताचे चित्रण, या अटी सोबत याव्यात.

समुदायांनी निवडलेले मार्ग साधारण तीन आहेत: पूर्ण बंदी, वेगाला मर्यादा घालून परवानगी, किंवा स्वतंत्र श्रेणी. मर्यादा कागदावर छान दिसते, पण सेकंदाला १५ आणि २० दाबांमधला फरक व्हिडिओतून सिद्ध करणे कठीण जाते. स्वतंत्र श्रेणी मोठ्या समुदायाला परवडते. पाच-दहा जण खेळत असलेल्या गेममध्ये तिने दोन ओसाड लीडरबोर्ड तयार होतात. टर्बोचा लाभ फक्त संवाद आणि मेनूंपुरता असेल तर तो सर्वांना खुला करावा; मॅशिंगवरच, म्हणजे बटण झपाझप दाबण्यावरच, लढतीचा निकाल लागत असेल तर बंदी घालून ती राबवावी.

नियम बदलल्यावर जुन्या विक्रमांचे काय करायचे हेही त्याच ठरावात लिहावे लागते. टर्बो नव्याने खुला झाला तर आधीचे रन तसेच राहू शकतात, त्यांनी काही मोडलेले नसते. बंदी नव्याने आली तर त्या तारखेपूर्वीचे टर्बोचे रन काढून टाकण्यापेक्षा त्यांच्यावर तशी खूण करून वेगळे ठेवणे योग्य, कारण ते त्या वेळच्या नियमांत बसत होते.