दाढ काढण्याआधीची सुई: जागा सुन्न कशी होते, आणि कधी का होत नाही?

"डॉक्टर, सुई दिली तरी दुखतंय!" ही तक्रार बहुतेक गाल सुजवून आलेल्या पेशंटची असते. सहनशक्ती कमी पडते असं नाही. खरं कारण औषधाच्या रसायनात आहे.

दाढेचा ठणका विजेची लहर होऊन नसेतून मेंदूकडे जातो. नसेच्या आवरणात अतिसूक्ष्म दारं असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत घुसतात आणि लहर पुढे सरकते. सुईतलं लिग्नोकेन हे सुन्न करणारं औषध ही दारं आतल्या बाजूने अडवून धरतं. दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही. मात्र दाब कळवणाऱ्या जाड नसा एवढ्या सहज बंद पडत नाहीत, म्हणून दाढ ओढताना खेचल्यासारखं जाणवतं. ते जाणवणारच, टोचलं किंवा कळ आली तर मात्र लगेच हात वर करा.

आता सुजेचं. नसेचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून विद्युतभार नसलेलेच रेणू आत शिरतात. निरोगी हिरडीत (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.४) लिग्नोकेनचे साधारण पाव हिस्सा रेणू असे असतात. आत गेल्यावर त्यातल्या बऱ्याच रेणूंना भार येतो, आणि दार अडवण्याचं काम मुख्यतः हे भारित रेणू करतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे भार नसलेले रेणू फारच थोडे उरतात. बाकीचं औषध बाहेरच ताटकळतं. अशा वेळी तिथेच आणखी दोन सुया टोचण्यात अर्थ नसतो. आम्ही सुजेपासून लांब, जबड्याच्या मागच्या भागात मुख्य नसेजवळ सुई देतो, किंवा आधी पू काढतो. "आजच काढून टाका" असा हट्ट अशा वेळी धरू नका.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड दोन बोटंच उघडत असेल, तर त्या मुख्य नसेपर्यंत सुई नेणंच अवघड होतं. म्हणून खर्रा किती वर्षं चालू आहे, हे आम्ही विचारतो. रागावण्यासाठी नाही. (थोडं त्यासाठीही.)

औषधात अ‍ॅड्रिनालिनही असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि रक्त कमी जातं. सुईनंतर दोन-चार मिनिटं छाती धडधडली तर बहुधा त्यामुळेच. तरी आम्हाला सांगा. हे अ‍ॅड्रिनालिन उष्णतेने आणि उजेडाने खराब होतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवतो. सुई देण्याआधी सिस्टर ती मुठीत धरून बसलेली दिसेल, कारण गार औषध जास्त झोंबतं.

बीपी, हृदयविकार किंवा थायरॉईड असेल, पूर्वी सुईची रिअ‍ॅक्शन आली असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी सांगा. गोळ्यांची पानं सोबत आणा. या सुईसाठी उपाशी राहायचं नसतं, जेवून या.

ओठ आणि जीभ दोन ते चार तास, कधी त्याहून जास्त, जड राहतात. तोवर गरम चहा नको, तर्री-पोहे तर नकोच. पोळलेलं कळत नाही. लहान मुलं सुन्न ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो, तेव्हा आईबाबांनी तेवढा वेळ लक्ष ठेवावं.