खोली मोठी म्हणजे सोय जास्त?

"घर बांधताना चौरस फूट वाढवा, कुटुंबाची सोय आपोआप होईल," असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण आकडा डोळ्यांना दिसतो आणि वावर दिसत नाही. पण सोय ठरते ती वापरता येणाऱ्या जागेवरून.

११ बाय १३ फुटांची खोली घ्या, १४३ चौरस फूट. तिची दोन दारे समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतील, तर येण्याजाण्याची वाट तिरकी, साधारण १७ फूट लांब होते. माणसाला मोकळेपणी चालायला ३ फूट रुंदी धरा. म्हणजे जवळजवळ ५० चौरस फूट नुसत्या वाटेत गेले. उरले ९३, तेही दोन त्रिकोणांत, जिथे पलंग नीट बसत नाही. आता १० बाय १२ ची खोली, दोन्ही दारे एकाच कोपऱ्याजवळ. वाटेला १२-१५ चौरस फूट पुरतात आणि शंभराहून अधिक सलग उरतात. लहान खोली जास्त मोकळी ठरली! शिवाय ३ फुटी दाराची फळी उघडताना सुमारे ७ चौरस फूट अडवते, हेही बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पडताळणी घरच्या घरी होते. गच्चीवर किंवा अंगणात खडूने खोली खऱ्या मापात आखा, दारे, पलंग, कपाट काढा आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्यात वावरू द्या. आजी-आजोबा, लहान मुले तर हवीतच. कोण कुठे अडतो ते लगेच कळते, आणि खडूची रेघ पुसायला काहीच लागत नाही.