तरंगणाऱ्या पेशी टाकू नका : ऑल्फॅक्टरी बल्बच्या पेशी मागवणाऱ्यांसाठी

“आठवडा झाला, फ्लास्कभर फायब्रोब्लास्टच दिसतात. ओईसी गेल्या कुठे?” आमच्याकडे सर्वांत जास्त फोन याच प्रश्नाचे येतात. आम्ही ऑल्फॅक्टरी बल्बच्या, म्हणजे मेंदूतल्या वासाशी संबंधित भागाच्या, मिश्र पेशी पाठवतो. त्यातून ओईसी (ऑल्फॅक्टरी एनशीथिंग सेल) तुम्ही वेगळ्या करायच्या असतात. फायब्रोब्लास्ट म्हणजे सोबत येणाऱ्या, नको असलेल्या संयोजी ऊतीच्या पेशी. बहुतेक वेळा ओईसी दुसऱ्या दिवशी सकाळीच जुन्या मीडियाबरोबर वेस्टच्या बाटलीत गेलेल्या असतात.

इतर कल्चरमध्ये चिकटलेल्या पेशी ठेवायच्या आणि तरंगणाऱ्या काढून टाकायच्या, ही सवय हाताला लागलेली असते. इथे नेमकं उलट आहे. लेप नसलेल्या तळाला फायब्रोब्लास्ट आधी चिकटतात, नंतर ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) आणि ओईसी सर्वांत शेवटी. शुद्धीकरण या फरकावरच चालतं. मेलेले न्यूरॉन आणि मायलिनचा कचराही सोबत तरंगत असल्यामुळे मीडिया गढूळ दिसतो आणि तो फेकून द्यावासा वाटतो. फेकू नका, तुमच्या ओईसी त्यातच आहेत. शंका आली तर थेंबभर ट्रिपॅन ब्लूमध्ये (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) घेऊन बघा. जिवंत पेशी निळ्या होत नाहीत.

पेशी पोचल्या त्याच दिवशी लेप नसलेल्या फ्लास्कमध्ये लावा. मीडिया : डीएमईएम आणि एफ-12 समप्रमाणात, 10 टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन). 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. 18 तास फ्लास्क हलवू नका. मग वरचा सगळा मीडिया पेशींसकट दुसऱ्या साध्या फ्लास्कमध्ये न्या आणि 36 तास ठेवा. त्यानंतर पुन्हा वरचाच मीडिया घ्या, पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या वेगाने खाली बसवा आणि पॉली-एल-लायसिनचा (पेशी चिकटायला मदत करणारा) लेप दिलेल्या फ्लास्कमध्ये लावा. पहिले दोन फ्लास्क तिसऱ्यात पेशी चिकटलेल्या दिसेपर्यंत जपून ठेवा.

लेप घरी देणार असाल तर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. सुटं पॉली-लायसिन पेशींना मारतं. लेप देऊन धुतलेले फ्लास्क आमच्याकडे मिळतात. पेशींसोबतच मागवले तर ही एक काळजी कमी होते.

“तुम्हीच शुद्ध करून का देत नाही?” असंही विचारतात. शुद्ध झालेल्या ओईसी तळाला चिकटून वाढायला हव्यात. त्यांना पुन्हा सोडवून प्रवासाला पाठवलं की बऱ्याच मरतात, आणि कल्चरमध्ये जितके जास्त दिवस जातात तितका त्यांचा स्वभाव बदलतो. म्हणून आम्ही ताज्या मिश्र पेशीच देतो आणि त्याच आपल्या कामाला योग्य आहेत.

शुद्धता पी75 (ओईसीची खूण) आणि फायब्रोनेक्टिन (फायब्रोब्लास्टची खूण) या दोन्हींच्या अँटिबॉडींनी तपासा. केवळ जीएफएपी या प्रथिनावर विसंबू नका. ते ॲस्ट्रोसाइटमध्ये असतं आणि ओईसीमध्येही. मज्जारज्जूच्या इजेवरच्या प्रयोगात हे फार महत्त्वाचं. नाकातून मेंदूकडे आयुष्यभर नवे ॲक्सॉन (मज्जातंतू) वाढत असतात, त्यांना सोबत करणाऱ्या याच पेशी. त्यांच्यात फायब्रोब्लास्ट मिसळले असतील, तर ॲक्सॉन वाढला किंवा अडला तो कोणामुळे, हे सांगताच येणार नाही.

अडचण आली तर फोन करण्याआधी तिन्ही फ्लास्कचे फेज-कॉन्ट्रास्ट फोटो आणि प्रत्येक बदलाची वेळ पाठवा. तेवढ्यावरून कुठे चुकलं ते बहुधा लगेच सांगता येतं.