राखणीच्या कुत्र्याची त्वचानिगा (कोकण)

कोकणपट्टीतील डोंगराळ वाड्यांत आंबा-काजूच्या बागा, मांगर (शेता-बागेतील साधी खोपी) आणि गुरे राखणाऱ्या कुत्र्यांचे केस, कातडी, कान व पंजे निरोगी राहावेत म्हणून केल्या जाणाऱ्या नित्याच्या देखभालीला त्वचानिगा म्हणतात. ही कुत्री बहुधा आखूड केसांची गावठी असतात. वानरांच्या आणि रानडुकरांच्या मागे ती करवंदीच्या जाळ्यांतून, कातळसड्यावरून (उघड्या खडकाळ पठारावरून) आणि भातखाचरांतून धावतात. त्यामुळे शहरातल्या घरकुत्र्यासाठी सांगितलेली अंघोळ-विंचरणीची पद्धत त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्या निगेत अंघोळीपेक्षा अंग कोरडे ठेवणे आणि रोज हात फिरवून पाहणे यांना अधिक महत्त्व आहे.

कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. तिचा सामू (आम्लता-अल्कतेचे माप, pH) देखील वेगळा, साधारणपणे उदासीनाच्या जवळ असतो, तर माणसाची त्वचा आम्लधर्मी असते. म्हणून माणसांचा किंवा कपड्यांचा साबण वारंवार लावल्यास कातडीवरील तेलकट थर निघून जातो, कोंडा पडतो आणि खाज सुटते. चिखलाने माखलेल्या कुत्र्याला साध्या पाण्याने धुऊन जुन्या लुगड्याच्या किंवा गोणपाटाच्या तुकड्याने खरखरून पुसणे बहुतेक वेळा पुरेसे ठरते.

खरी कसोटी जून ते सप्टेंबर या काळात लागते. कोकणाच्या बहुतेक भागांत वर्षाला २५०० ते ३५०० मिमी पाऊस पडतो आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर तो त्याच्या दुपटीच्या घरात जातो. चिखलणीच्या दिवसांत माणसांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तसेच कुत्र्याच्या बोटांमधली कातडीही पांढुरकी व भुसभुशीत होऊन नंतर लालसर होते आणि कुत्रा पंजे सतत चाटू लागतो. भिजलेल्या पट्ट्याखाली गळ्याची कातडी चिघळते. म्हणून रात्री पट्टा काढून चुलीजवळ सुकवणे हितावह असते. पडवीत पागोळ्यांपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच फळी किंवा सुके गोणपाट अंथरून कुत्र्याची जागा करावी. लहान जखमही या दिवसांत दुर्लक्षू नये, कारण तिच्यावर माश्या बसून दोन-तीन दिवसांत किडे पडतात.

गोचीड ही बारमाही पीडा आहे. संध्याकाळी कुत्रा परतला की केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवावीत. कानांच्या मागे, कानाच्या पाळीच्या घडीत, काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत ती हाताला लागते: नुकतीच चिकटलेली तिळाएवढी, तर रक्त पिऊन फुगलेली वाटाण्याएवढी. चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढावी. नखाने चिरडू नये. या गोचिडींमुळे कुत्र्याला एर्लिकिया व बबेसिया या रक्तात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे ताप येतात. फुगलेली मादी अंगावरून गळून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते आणि जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भिंती तिला सोयीच्या असतात. त्यामुळे केवळ कुत्र्यावर औषध वापरून भागत नाही, बसण्याची जागा आणि भिंतींच्या खालच्या भेगाही साफ कराव्या लागतात. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे, म्हणजे गोचिडीमुळे माणसांना होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण आढळले. तो पसरवणारी रानातील गोचीड वेगळ्या जातीची असली तरी रानात फिरून आलेल्या कुत्र्याची तपासणी घरच्यांसाठीही मोलाची आहे.

खरजेवर किंवा गोचिडीवर रॉकेल, गाडीचे जळके ऑइल, फिनेल अथवा तंबाखूचे पाणी लावण्याचा प्रघात अजून आढळतो. तो तातडीने थांबायला हवा: हे पदार्थ कातडी भाजतात आणि कुत्रा ते चाटत असल्याने पोटात जाऊन जिवावर बेततात. करंजेल पातळसर लावण्याची जुनी रीत त्या मानाने सौम्य आहे, परंतु कातडीत बिळे करणाऱ्या खरजेच्या किडीला ती पुरी पडत नाही. त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि वजनानुसार औषध देणे हे पशुवैद्याचेच काम आहे. ही खरूज हाताळणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज आणते.

पाऊस सरल्यावर सड्यावरचे गवत वाळते आणि कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळाचे टोक अणकुचीदार असून त्यावरील केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते पुढेच सरकत जाते आणि बोटांच्या मध्ये किंवा कानात खोल रुतते. पंजावर पाणी भरलेली गाठ दिसली, किंवा कुत्रा डोके एका बाजूला कलते धरून कान झाडू लागला, तर घरी टोकरण्याऐवजी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.