बस: रस्त्यावरची, तारांमधली आणि अंतराळातली

फ्रान्समधल्या नांत शहरात १८२० च्या दशकात स्तानिस्लास बोद्री यांनी ठरावीक मार्गावर घोडागाडी सुरू केली. भाडं देईल त्याने बसावं. या गाड्यांना ‘ओम्निबस’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. पुढे घोडे गेले आणि नावाचं शेपूट तेवढं राहिलं. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, तोवर वीजवाल्यांनी हा शब्द उचललाही होता. स्विचबोर्डातली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी म्हणजे बसबार. वीज तिच्यावर येते आणि तिथून अनेक सर्किटांना वाटली जाते.

संगणकातही तेच. दहा भाग एकमेकांना थेट जोडायचे तर ४५ जोडण्या लागतील. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून वापरायच्या तारा, म्हणजे बस. (यूएसबीतला ‘बी’ हाच.)

पण सामायिक तारेवर दोघे एकदम बोलू लागले तर? बॉश कंपनीने १९८६ मध्ये वाहनांसाठी मांडलेल्या ‘कॅन बस’चं उत्तर मला फार देखणं वाटतं. इंजिन, ब्रेक, दरवाजे यांचे नियंत्रक पिळलेल्या दोन तारांवर बोलतात. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक असतो, ० आणि १ मध्ये लिहिलेला. एकाने ० आणि दुसऱ्याने त्याच क्षणी १ पाठवला, तर तारेवर ० उमटतो. पाठवणारा स्वतःही तारेकडे लक्ष ठेवून असतो. आपण १ पाठवला आणि दिसतोय ०, हे कळताच तो थांबतो आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतो. लहान क्रमांकाचा संदेश अखंड पुढे जातो, एक क्षणही वाया न जाता. म्हणून तातडीच्या संदेशांना लहान क्रमांक देतात. वाहतूक पोलीस कुणीच नाही! आज रस्त्यावरच्या बसमध्येही अशी बस असते.

उपग्रहाची बस मात्र तार नव्हे, वाहनच. सांगाडा, सौरपट्ट्या, इंजिन, दिशा सांभाळणारी यंत्रणा हे सगळं मिळून बस; वैज्ञानिक उपकरणं म्हणजे तिचे प्रवासी. इस्रोची ‘आय-१के’ बस २००२ मध्ये कल्पना-१ या हवामान उपग्रहासाठी वापरली गेली. तिच्यातच बदल करून २०१३ मध्ये मंगळयान निघालं. उड्डाणावेळी त्याचं वजन सुमारे १,३३७ किलो होतं. त्यात पाच उपकरणं मिळून जेमतेम १५ किलो. बाकी सगळी बस आणि तिचं इंधन.